धागा: लोककथेचा सारांश – गोष्टीचा गाभा मुलांना कसा सापडावा?

कृष्णाकाठची

मिरज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला मराठी शिकवते. श्रावण चालू आहे म्हणून मुलांना सांगितलं, घरी आजीकडून एखादी कहाणी ऐका आणि तिचा सारांश सहा-सात ओळींत लिहून आणा. बऱ्याच जणांनी खुलभर दुधाची कहाणी आणली. आमच्या भागात श्रावणी सोमवारी ती अजून घरोघरी वाचतात, त्यामुळे मला बरंच वाटलं. पण वह्या तपासायला घेतल्या आणि अडले.

निम्म्या मुलांनी गोष्ट जशीच्या तशी उतरवली होती. "मग राजाने दवंडी पिटली, मग सगळे दूध घेऊन आले, मग दुपार झाली, मग म्हातारी आली" असं दीड पान. उरलेल्यांनी दोन ओळींत आटोपलं: "एक राजा होता. त्याने देवाला दूध वाहिले. मग म्हातारीने दूध वाहिले. तात्पर्य – देवाची भक्ती करावी."

मधलं काहीच नाही. वर्गात सगळ्यांनी पाठ केलेला नियम असा: महत्त्वाचं ठेवायचं, बारीकसारीक गाळायचं. पण महत्त्वाचं कुठलं आणि बारीकसारीक कुठलं, हे दहा वर्षांच्या पोराला कसं कळावं? एका हुशार मुलीची वही समोर आहे. तिनं नेटानं गाळत गाळत सहा ओळी केल्यात. त्यात चंदन, फुलं, बेलाचं पान सगळं आहे. म्हातारीनं आधी घरच्या मुलांना आणि वासरांना दूध पाजलं, हे मात्र गाळलंय. विचारलं तर म्हणाली, "बाई, ते घरचं काम होतं ना. देवळातलं महत्त्वाचं."

तिचं म्हणणं तिच्या बाजूनं बरोबर आहे. पण ते वाक्य गेलं की गोष्टच गेली. गाळायला शिकवण्याआधी गाभा शोधायला शिकवायला हवं, एवढं मला दिसतंय. तो शोधायचा कसा, यावर इथल्या शिक्षकांचं, पालकांचं आणि गोष्टी सांगणाऱ्यांचं मत हवं आहे.

---

हळदरंग

ताई, चांगला विषय. माझा मुलगा दहावीला आहे. त्यांना सारांशलेखनात अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश एवढा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. तो काय करतो, तर उताऱ्यातलं दर तिसरं वाक्य उचलतो. लांबी बरोबर येते, अर्थ गायब. पाचवीत तुम्ही हे धरलंत तर दहावीपर्यंत पोरांचं भलं होईल. वाचतेय.

---

कराडचे गुरुजी

बाई, तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या वहीवरच सगळा पाठ उभा राहील. सविस्तर लिहितो, नोकरीभर हेच केलं आहे.

पहिली गोष्ट, तात्पर्य आणि गाभा या दोन गोष्टी मुलांच्या मनात वेगळ्या करा. तात्पर्य गोष्टीच्या बाहेर असतं. "भक्ती करावी", "खरे बोलावे", "लोभ धरू नये" ही वाक्यं कुठल्याही गोष्टीखाली चिकटवता येतात. गाभा त्या एकाच गोष्टीचा असतो. मी वर्गात एक कसोटी लावायचो. तुम्ही काढलेलं वाक्य दुसऱ्या गोष्टीखाली लिहून बघा. तिथंही शोभलं, तर गाभा अजून सापडलेला नाही. "देवाची भक्ती करावी" हे वाक्य श्रावणातल्या सगळ्या कहाण्यांना चालतं. म्हणजे खुलभर दुधाबद्दल त्यानं काहीच सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे गोष्ट वळते कुठे ते बघायचं. त्यासाठी आधी विचारायचं, कुणाला काय हवं आहे? इथं मुलं म्हातारीपासून सुरुवात करतात, कारण म्हातारी आवडते. पण हवं आहे ते राजाला. महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा त्याला ध्यास लागलाय. मग, आड काय येतं? गावातलं दूध झाडून सगळं ओतलं तरी गाभारा भरत नाही. का भरत नाही, हे ना राजाला कळतं ना पुजाऱ्याला. तेच म्हातारीच्या खुलभर दुधानं भरतो. आता वर्गाला विचारा: गावच्या दुधात आणि म्हातारीच्या दुधात फरक काय? "तिचं कमी होतं" असं एखादा म्हणेल. त्याला विचारा, मग गावातल्या कुणीही खुलभरच आणलं असतं तर गाभारा भरला असता का? इथं वर्ग थांबतो. पोरं गोष्टीत मागे जाऊन शोधायला लागतात आणि त्यांना ते "घरचं काम" सापडतं. गावानं राजाच्या धाकानं पोरांच्या, वासरांच्या तोंडचं दूध काढून आणलं. म्हातारीनं पोरांना दिलं, वासरांना पाजलं, आणि राहिलेलं आणलं.

हा फरक म्हणजे गाभा. मुलांच्या शब्दांत मांडायचा तर: दुसऱ्याच्या तोंडचं काढून वाहिलेलं देवाला पोचत नाही, सगळ्यांचं पोट भरून उरलेलं थोडंसंही पोचतं.

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मगच गाळायला बसा. प्रत्येक प्रसंगाला विचारायचं, तू या वाक्याला टेकला आहेस का? चंदन-फुलं टेकलेली नाहीत, गेली. तीन सोमवार तेच घडतं, ते "दर सोमवारी" एवढ्यात मिटतं. वासरं टेकलेली आहेत, राहिली. राजाचा धाक टेकलाय, राहिला. आणि मुलं नेहमी विसरतात तो भाग, शेवटी राजा तिचं ऐकून तसंच करतो आणि त्याच्या हातूनही गाभारा भरतो, तोही टेकलाय. तो नसेल तर गोष्ट म्हातारीच्या चमत्काराची होते. तो असला की राजा शिकला, असं होतं.

मी वर्गात लिहून घ्यायचो तो सारांश असा:

"एका राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. त्याच्या धाकानं लोकांनी मुलांना, वासरांना उपाशी ठेवून घरातलं सगळं दूध आणलं, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीनं मात्र घरच्यांना आणि वासरांना पोटभर पाजून उरलेलं खुलभर दूध वाहिलं आणि गाभारा भरला. राजानं तिला कारण विचारलं. तिच्या सांगण्याप्रमाणं सगळ्यांनी आधी पोराबाळांची, गुरांची भूक भागवली, तेव्हा राजाच्या हातूनही गाभारा भरला."

यात स्वभाव सांगणारं एकही विशेषण नाही. "कनवाळू म्हातारी", "गर्विष्ठ राजा" असं लिहू द्यायचं नाही. कोण काय करतं तेवढंच येऊ द्या. लोककथेत माणसाचा स्वभाव त्याच्या करणीतूनच कळतो, वेगळा सांगावा लागत नाही.

---

जतकर

गुरुजी, तुमचा अनुभव मोठा, पण मला हे सगळं पटत नाही. आमची आजी गोष्ट सांगायची तर दिवा मालवल्यावर तासभर चालायची. तिच्या गोष्टीतलं तेच तेच पुन्हा येणं, वाघाचा आवाज काढणं, म्हातारीचं कण्हणं, हीच तर गोष्ट. त्यातनं तीन सोमवारांचा एक सोमवार केला की राहिलं काय? पोरांना आधीच ऐकायचा कंटाळा आलाय, मोबाइलवर सगळं तुकड्यातुकड्यानं बघतात. वर शाळाच त्यांना शिकवणार, की आजीच्या गोष्टीतलं चार ओळींचं कामाचं, बाकीचं टाकाऊ? मला तर वाटतं पोरांनी गोष्ट सांगायला शिकावं. सारांश वकिलांनी करावा.

---

कराडचे गुरुजी

तुमची तळमळ पटते. मी टाकाऊ म्हटलं नाही, म्हणणारही नाही. एवढंच बघा, तुमच्या आजीनं तीच गोष्ट दोन वेळा शब्दाला शब्द तशीच सांगितली होती का? नसणार. पाहुणे आले की आटोपती घेत असेल, थंडीत रात्र मोठी असली की वाढवत असेल. तरी गोष्ट तीच राहायची, कारण ती कुठे वळते हे आजीला पक्कं ठाऊक होतं. कहाणीच्या शेवटी आपण म्हणतो ना, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. साठ उत्तरांचं पाचांत आणणारी माणसं हीच होती. पोराला गाभा कळला, की तीच गोष्ट तो तासभर फुलवूनही सांगेल. तो नाही कळला तर तो पाठ केलेलं म्हणतो, आणि मध्येच विसरला की गप्प बसतो.

---

वाईची वाचक

या चर्चेत थोडी भर घालते. लोककथांचा अभ्यास करणाऱ्यांनाही नेमकी हीच अडचण आली होती. हजारो गोष्टी गोळा झाल्या, पण फिनलंडमधली एखादी आणि हिंदुस्थानातली एखादी या दोन्ही एकच आहेत, हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक गोष्टीचा चार-दोन ओळींचा सांगाडा करावा लागला. आंटी आर्ने या फिन्निश अभ्यासकानं १९१० साली कथाप्रकारांची पहिली सूची केली, अमेरिकेतल्या स्टिथ थॉम्पसननं ती १९२८ आणि १९६१ साली वाढवली, आणि २००४ साली जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी नव्यानं मांडली. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीतली युक्तीही त्या सूचीत आहे, १२२एफ या क्रमांकाखाली. तिथं तिचं नावच "मी लठ्ठ होईपर्यंत थांब" अशा अर्थाचं आहे. सूचीकारानं गाभा म्हणून भोपळा धरला नाही, म्हातारीनं मागितलेली मुदत धरली!

मुलांना या गोष्टीचा सारांश लिहायला सांगा, सगळी "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक"पासून सुरू करतील. पण खरी चाल त्याआधीच खेळून झालेली असते. अंगात बळ नाही, पळता येत नाही, मग म्हातारी म्हणते, लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, लठ्ठ होऊन येते, मग खा. भोपळा येतो तो दिलेला शब्द चुकवायला. मुदत गाळली तर भोपळ्यात बसायचं कारणच उरत नाही.

आणखी एक. १९२८ सालीच रशियात व्लादिमिर प्रॉपनं शंभर अद्भुतकथा तपासल्या. त्याला दिसलं की पात्रं बदलतात, पण त्यांच्या करण्या ठरावीकच असतात. अशा ३१ करण्या त्यानं काढल्या. वर्गासाठी त्यातलं एवढंच घ्यावं: वाघ, अस्वल, कोल्हा ही नावं निराळी असली तरी तिघंही एकच काम करतात, भुकेलं जनावर वाट अडवतं. म्हणून सारांशात "वाटेत भेटलेली जनावरं" एवढं पुरतं. गुरुजींनी तीन सोमवार मिटवले ते याच न्यायानं.

जतकर, तुमचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. म्हणूनच आधी पूर्ण गोष्ट जपायची. आपल्या वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून ओव्या, गाणी, कहाण्या लोकांच्या तोंडून जशा मिळाल्या तशा छापून आणल्या. सारांश त्या कहाण्यांच्या जागी बसत नाही. त्यांच्यापर्यंत जायची वाट दाखवतो.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, दुसऱ्या गोष्टीखाली वाक्य चिकटवून बघायची कसोटी उद्याच वर्गात घेते.

पण एक शंका आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीचं काय करायचं? तिचा गाभा मलाच ठरवता येईना. कष्टानं पक्कं घर बांधणारा तरतो, असं म्हणावं, तर अर्ध्याहून जास्त गोष्ट दाराशीच घडते. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." घराचा भाग सुरुवातीलाच संपून जातो.

---

माणदेशी

ताई, आमच्याकडं ही गोष्ट जरा निराळी आहे. काऊ भिजून आलेला, कुडकुडतोय, चिऊ एकेक सबब सांगत दार उघडत नाही. शेवटी उघडते आणि म्हणते, चुलीपाशी बस, ऊब मिळेल. काऊ बसतो आणि त्याला चटका बसतो. लहानपणी आम्ही सगळी पोरं इथं हसायचो. माझी धाकटी बहीण मात्र दर वेळी रडायची. तिचं म्हणणं, काऊनं केलं काय होतं? शेणाचं घर बांधलं, एवढंच ना?

माण तालुक्यात पावसाची वाट बघण्यात जन्म जातो. तिथल्या पोरांना पावसात घर वाहून जाण्याचं अप्रूप वाटायचं, आणि दारात उभं ठेवण्याचा राग यायचा. दुष्काळात मेंढरं घेऊन परमुलखात गेलेली माणसं घरोघरी होती. दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, ते पोरांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. म्हणून म्हणतो, आमच्या आजीच्या गोष्टीचा गाभा "गरजेला आलेल्याला दाराशी ताटकळत ठेवलं", हा आहे. पक्क्या घराचा नाही.

---

शिराळकर

आमच्या बत्तीस शिराळ्याची दंतकथाही वर्गात घेण्यासारखी आहे. गोरक्षनाथ गावात भिक्षेला आले. एका घरी बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नाग आला तर पुजशील का? ती हो म्हणाली. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला आणि तिनं त्याची पूजा केली. तेव्हापासून शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागाची पूजा होऊ लागली, असं सांगतात.

इथं गुरुजींचा "कुणाला काय हवं" हा प्रश्न फारसा चालत नाही. नाथांना भिक्षा हवी होती, पण गोष्ट भिक्षेची नाही. ही "म्हणून" वर संपणारी गोष्ट आहे. गावची जुनी रीत कशी पडली ते ती सांगते. अशा गोष्टीत शेवटचं "म्हणून" आधी धरायचं आणि तिथून उलटं मागे यायचं. मुलांना हे फार लवकर जमतं. कावळा काळा का, सशाचे कान लांब का, सगळ्या गोष्टी याच वाटेनं सुटतात.

---

कराडचे गुरुजी

शिराळकर, अगदी बरोबर. माझा प्रश्न सगळ्या गोष्टींना पुरणारा नाही. कापूसकोंड्याच्या गोष्टीला तर कुठलाच प्रश्न लागू पडत नाही, कारण ती मुळी वळतच नाही. पोरांना मुद्दाम तिचा सारांश करायला द्यावा. "होत नाही" हे उत्तर त्यांनी स्वतः काढलं, की वळण म्हणजे काय ते त्यांना कळलं समजा.

चिऊ-काऊबद्दल माणदेशींचं म्हणणं मान्य. शेवट बदलला की गाभा बदलतो. चिऊनं दार उघडलंच नाही अशी सांगितली, तर गोष्ट एक. उघडून चटका दिला, तर दुसरी. बाई, "बरोबर उत्तर" ठरवत बसू नका. मुलानं जो गाभा काढला, त्यानं त्याच्या घरी ऐकलेल्या गोष्टीतले सगळे मोठे प्रसंग सांभाळले जातात का, तेवढं बघा. दारावरच्या सबबी हा त्या गोष्टीतला सर्वांत मोठा प्रसंग. तो ज्या वाक्यात मावत नाही, ते वाक्य कमी पडलं. "पक्कं घर बांधावं" म्हणूनच कमी पडतं.

---

कृष्णाकाठची

वर्गात काय झालं ते सांगते.

आधी खुलभर दुधाची कहाणी पुन्हा पूर्ण वाचून दाखवली, एकही शब्द न गाळता. मग "तिचं दूध आणि गावचं दूध, फरक काय?" हा प्रश्न टाकला. पहिली उत्तरं अपेक्षेप्रमाणेच आली: तिचं कमी, तिची भक्ती जास्त, ती म्हातारी, ती गरीब. मग एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी म्हशी आहेत, पहाटे वडिलांबरोबर डेअरीला दूध घालायला जातो. म्हणाला, "बाई, सगळंच दूध काढलं तर रेडकू ओरडतं. आम्ही एक सड त्याच्यासाठी सोडतो. गावानं सोडला नाही, म्हातारीनं सोडला."

मला पुढं काही सांगावंच लागलं नाही. चंदन-फुलं लिहिणाऱ्या मुलीनं आपणहून वही उघडून त्या ओळीवर काट मारली आणि वर वासरांचं वाक्य घातलं. तिचा नवा सारांश इथं देते, शुद्धलेखन तेवढं नीट केलंय:

"राजाने सगळ्यांचे दूध देवळात आणायला लावले. वासरे आणि मुले रडत राहिली, म्हणून गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी त्यांना दिले, मग देवाला दिले. तिच्या थोड्या दुधाने भरला. मग राजाने पण आधी त्यांना द्या म्हणून सांगितले."

शेवटी राजाच्या हातूनही गाभारा भरला, हे राहिलंय, ते तिला विचारलं. म्हणाली, "बाई, ते कळतंच की." मी ते तसंच ठेवलं. माझ्या मते तिथं तिचं बरोबर आहे.

चिऊ-काऊला मात्र वर्गात दोन तट पडले. कृष्णेला पूर येतो तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरतं, ती मुलं एकमुखानं काऊच्या बाजूनं. २०१९ च्या पुरात यातली बरीच अगदी लहान होती, पण घरी ऐकून सगळं ठाऊक आहे. एक जण म्हणाला, आम्ही तेव्हा दुसऱ्यांच्या घरी राहिलो, त्यांनी दार लगेच उघडलं. दुसऱ्या तटातल्या मुलीचं म्हणणं, बाळ लहान असताना आई एकटी घरात असेल तर ती लगेच दार उघडणार नाही, आधी बाळाचं बघणारच. दोघांनीही दारावरच्या सबबी सांभाळल्या, गाभा मात्र वेगळा काढला. गुरुजींच्या कसोटीला दोन्ही उतरतात. दोन्ही सारांश वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेत.

---

हळदरंग

ते रेडकाचं वाचून मुलाला हाक मारली आणि वाचून दाखवलं. आता सरावाच्या उताऱ्यात तो आधी "हे कशाबद्दल आहे" ते एक वाक्य समासात लिहितो, मग सारांश. दर तिसरं वाक्य उचलणं बंद झालंय. उतारा लोककथेचा नसला तरी चालतंय हे.

---

जतकर

कृष्णाकाठच्या ताई, तुम्ही आधी पूर्ण गोष्ट वाचून दाखवलीत, हे मला सगळ्यांत आवडलं. या क्रमानं होणार असेल तर माझी हरकत नाही.

माझी आजी आता थकली आहे, पण गोष्ट सांगायला बसली की आवाज अजून खणखणीत. दिवाळीत गावी जाईन तेव्हा तिच्या गोष्टी मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करणार आहे, हुंकार देणाऱ्या पोरांसकट. गुरुजी, एक विचारायचं होतं. गोष्ट संपल्यावर तिलाच विचारलं, "आज्जे, ही गोष्ट कशाची गं?", तर चालेल ना? की तिला ते परीक्षा घेतल्यासारखं वाटेल?

---

कराडचे गुरुजी

जरूर विचारा. पण गोष्ट संपल्या संपल्या नको. दुसऱ्या दिवशी, ती निवडत-टिपत बसली असेल तेव्हा. आणि तिनं जे सांगितलं तेही रेकॉर्ड करा.

---

कृष्णाकाठची

ते आमच्या वर्गाला ऐकवता आलं तर फार बरं होईल. आजींची परवानगी असेल तर एक गोष्ट पूर्ण पाठवा, त्यांचं उत्तर वेगळं ठेवा. मुलं आधी गोष्ट ऐकतील, आपापला गाभा लिहितील, मग आजींचं ऐकू.